बागेतल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती

मानसशास्त्रात एम.ए. करून मी घरी बसले होते, तेव्हा माझी काळजी माझ्यापेक्षा अण्णांना जास्त होती. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ज्या विषयात एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक असं नसतं, त्या विषयाला नोकरी कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शहरातल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेनं मला कामावर घेतलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तिथं तू करणार काय?"

"लोकांना प्रश्न विचारणार."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. वाद संपवायचा झाला की अण्णा कन्नडात संपवायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. आमच्या संस्थेनं राजाजीनगर आणि आसपासची वस्ती धरून एक मोठं काम हाती घेतलं होतं. जन्मल्यापासून म्हातारपणापर्यंत माणसाची तब्येत कशी बदलत जाते आणि कोणत्या वयात काय उपचार मिळाले तर पुढचं आयुष्य बरं जातं, हे पाहायचं होतं. त्यासाठी एका समाजमंदिराचा हॉल घेतलेला होता. एका कोपऱ्यात तान्ह्या बाळांची वजनं, दुसऱ्यात शाळकरी मुलांचे डोळे, पडद्याआड गरोदर बायकांची तपासणी, खिडकीपाशी रक्तदाब, आणि मागच्या बाजूला, जिथं जरा शांतता असायची तिथं, म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती. हा मागचा कोपरा माझा आणि माझ्या एका सहकाऱ्याचा.

थोड्याच दिवसांत माझ्या एक लक्षात आलं. तपासणीला येणारा माणूस कोणत्याही वयाचा असो, तो परीक्षेला बसायला आल्यासारखा येतो. बाळं तेवढी प्रामाणिक. ती सरळ रडायची. पण शाळेतली मुलं रांगेत उभ्या उभ्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून ठेवायची, कारण चष्मा लागला तर वर्गात चिडवतील. गरोदर बायका लोहाच्या गोळ्या रोज घेतो म्हणून सांगायच्या आणि पर्समधून रुमाल काढताना न उघडलेली पाकिटं खाली पडायची. एक बँकेतले गृहस्थ कमरेचं माप देताना श्वास असा धरायचे की टेप काढेपर्यंत आम्हीच घाबरायचो. रक्तदाबाच्या खुर्चीत बसून बायका डोळे मिटून नामस्मरण करत. त्यानं रक्तदाब खरंच उतरायचा, ही गोष्ट निराळी.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला आमच्या डॉक्टर मॅडम होत्या. चाळिशीच्या, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. म्हैसूरकडच्या. त्या फार बोलत नसत, पण समोरच्यानं काही सांगितलं की पुढचा प्रश्न त्यांच्याकडे तयार असे. मुलांनी तक्ता पाठ केल्याचं त्यांना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त तक्ता उलटा टांगला.

माझ्या कोपऱ्यातली परीक्षा साधी होती. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला दहा कन्नड शब्द हळूहळू वाचून दाखवायचे. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि थोड्या वेळानं विचारायचं की त्यातले किती आठवतात. झाड, गाय, दार, छत्री, दोरी, असे रोजच्या वापरातले शब्द. सगळ्यांना तेच शब्द, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

आपल्या नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही असा नियम होता, म्हणून अण्णा आले तेव्हा त्यांना माझ्या सहकाऱ्यापुढे बसवलं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, खिशाला पेन. माझ्याकडे त्यांनी ओळख नसल्यासारखं पाहिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये वशिला नको म्हणून. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, "तुझी मुलगी करते ते काम काही वाईट नाही. डोक्याला जरा चालना मिळते."

त्यानंतर काही आठवड्यांनी चमत्कार सुरू झाला.

आमच्या घराजवळच्या बागेत रोज सकाळी फिरायला येणारी म्हातारी मंडळी एकेक करून तपासणीला येऊ लागली. कुणी विजेच्या खात्यातून निवृत्त, कुणाचं पूर्वी कापडाचं दुकान होतं, एकजण तर दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झालेले. आणि सगळ्यांची स्मरणशक्ती अशी की माझ्यासारखीनं मान खाली घालावी. गप्पा संपायच्या आत धाडधाड शब्द सांगून मोकळे. कापडवाले आजोबा मला घरचा पत्ता सांगताना दोनदा अडखळले, पण शब्द एखादा सोडून सगळे बरोबर.

हॉलमध्ये चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, बागेत झाडं जुनी आहेत, हवा चांगली मिळते. कुणी म्हणालं, हे लोक अजून नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, खातात. माझ्या सहकाऱ्याला कॉफीवर संशय होता, कारण ही मंडळी फेऱ्या मारून झाल्या की कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन दोघांत एक कॉफी घेत. मॅडम ऐकून घेत, पण त्यांच्याही डोळ्यांत चमक आली होती. एका बागेतली माणसं शेजारच्या वस्तीपेक्षा इतकी वेगळी का, हा प्रश्न कोणत्याही संशोधकाला झोप न येऊ देणारा.

एके दिवशी मॅडम माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आज मी ऐकते."

आधी विजेच्या खात्यातले आले. झाड, गाय, दार म्हणत म्हणत गेले आणि मध्येच म्हणाले, "हब्ब." हब्ब म्हणजे कन्नडात सण. यादीत सण नव्हताच. यादीत होता 'हग्ग', म्हणजे दोरी. मराठी घरातल्या आम्हा मुलांना हा शब्द मोठ्यानं म्हणताना भलतंच हसू यायचं आणि आई डोळे वटारायची, ते जाऊ दे. एखाद्याला ऐकू कमी आलं असेल म्हणून मी पुढे गेले. नंतरचे गृहस्थ आले. त्यांनीही दोरीच्या जागी सण सांगितला. तिसरे तर "झाडाखाली गाय, हब्ब म्हणून दार..." असं म्हणता म्हणता थांबले, जीभ चावली आणि नुसते शब्द सांगू लागले.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी आत्ता इथं बसले होते. तू स्पष्ट 'हग्ग' म्हणालीस. तिघांनाही सण कुठून ऐकू आला?"

गोष्ट रचून पाठ करायची ही पद्धत मी चांगली ओळखत होते. मला पाढे, सूत्रं, नद्यांची नावं, सगळं असंच शिकवलं गेलं होतं. आणि अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं हे त्यांच्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम," मी म्हणाले, "त्या बागेत माझे वडील फिरायला जातात."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "काय करायचे ते?"

"शिक्षक होते."

"सरी," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी आपणही फिरायला जाऊ."

मी घरी काही सांगितलं नाही. सकाळी बागेच्या फाटकाशी मॅडम त्यांचे कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. आत गेलो तर दोन बाकांवर आणि मधल्या कठड्यावर मंडळी बसलेली, समोर अण्णा उभे. हातात छत्री, ती खडूसारखी धरलेली. "झाडाखाली गाय उभी," ते कन्नडात सांगत होते. "का उभी? हब्ब आहे म्हणून. तिला सजवलंय. हब्ब म्हटल्यावर दार उघडं. दारात काय?"

"छत्री," सगळे एका सुरात म्हणाले.

मग कुणाचं तरी आमच्याकडे लक्ष गेलं आणि वर्ग शांत झाला. अण्णांनी वळून पाहिलं. मी त्यांना आजवर कधी वर्गात पकडले गेलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यानं पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं.

मॅडमनी नमस्कार केला आणि सरळ बाकाच्या टोकाला जागा करून बसल्या. "मेष्ट्रे," त्या म्हणाल्या. बागेत सगळे अण्णांना तसंच म्हणायचे, कन्नडात मास्तरांना म्हणतात तसं. "गोष्ट छान आहे. पण गाय झाडाखाली उभी राहायची तर तिला दोरीनं बांधायला हवं ना?"

"दोरी कुठली?" अण्णा म्हणाले.

"यादीत दोरी आहे. हग्ग."

"तुमच्याकडे काम करणाऱ्या त्या मुलानं हब्ब असाच उच्चार केला," अण्णा ताठ मानेनं म्हणाले. बाकावर बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चूक शब्द शिकवला गेल्याचं दुःख त्यांना पकडले गेल्यापेक्षा जास्त झालं होतं.

मॅडमनी विचारलं, "पण हे करायचं कशाला? इथं पास-नापास काही नाही."

कापडवाले आजोबा म्हणाले, "अम्मा, मी चष्मा कुठं ठेवला हे विसरलो की घरात सून माझ्या मुलाकडे बघते. मुलगा तिच्याकडे बघतो. बोलत कुणी नाही. तेच तुम्ही कागदावर लिहून दिलंत तर?"

"आम्ही घरी कुणाला कळवत नाही."

"तुम्ही कळवत नाही. पण मला कळेल ना."

मॅडमनी बॅग मांडीवर घेतली आणि समजावून सांगायला लागल्या. विसरण्याचे प्रकार असतात. काही वयाबरोबर येतात आणि त्यांनी फारसं बिघडत नाही. काही आजारामुळे येतात, आणि त्यातल्या थोड्यांवर औषध आहे. पण सगळ्यांनी पाठ करून आलात तर कुणाला औषध लागतंय ते आम्हाला दिसणारच नाही. मंडळी ऐकत होती. विजेच्या खात्यातल्यांनी विचारलं की मग आता आमचे मार्क रद्द होणार का. मॅडम म्हणाल्या, हो, संपूर्ण बागेचे.

अण्णांना ते लागलं. त्यांच्या नोकरीच्या सबंध काळात त्यांचा वर्ग कधी रद्द झाला नव्हता.

उठताना मॅडमनी सहज विचारलं, "मेष्ट्रे, तुम्ही इतकं शिकवलंत. ज्यांना जमलंच नाही असं कुणी होतं?"

अण्णा म्हणाले, "नाही."

पण आम्ही फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा ते मागून आले. सगळ्यांसमोर एखाद्याचे मार्क वाचून दाखवायचे नाहीत हा त्यांचा जुना नियम होता. हळू आवाजात म्हणाले, "एक आहेत. आमचे पोस्टमास्तर."

पोस्टमास्तर म्हणजे अण्णांचे रोजचे फिरण्यातले सोबती. बेळगावकडचे, घरी मराठी बोलणारे. पोस्टात असताना कुठल्याही गावाचं नाव घेतलं की पिनकोड तोंडावर, आणि वादात कुणाला हार जाणार नाहीत अशी ख्याती. अण्णांचं आणि त्यांचं एकमत झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गेली वर्ष-दीड वर्ष मात्र ते मंदावत चालले होते. हळू चालायचे, हळू बोलायचे, बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. आम्ही सगळेच त्यांच्या स्वेटरवरून त्यांना हसायचो, कारण एप्रिल आला तरी तो अंगातून उतरत नसे, आणि वर माकडटोपी.

"रोज शिकवतो," अण्णा म्हणाले. "हसतात, हो म्हणतात, आणि कॉफीपर्यंत विसरतात. तयारी झाल्याशिवाय पाठवायला नको म्हणून मीच त्यांना सांगितलं, अजून जाऊ नका. पुढच्या वेळी जा."

"म्हणजे ज्यांना विसरायला होतं ते सोडून बाकी सगळे तपासणीला आले," मॅडम म्हणाल्या. त्या रागानं नाही म्हणाल्या, पण अण्णांनी मान खाली घातली.

"वय झालंय त्यांचं," ते म्हणाले.

"तुमच्याहून मोठे आहेत?"

अण्णांनी विचार केला. "नाही. लहान आहेत. थोडेसे."

मॅडम परत वळल्या. पोस्टमास्तर उन्हाच्या तिरिपेत बाकावर बसलेले होते, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या, हात हातात घेतला, आवाज कधीपासून बसलाय विचारलं, पोट साफ होतं का विचारलं. मग त्यांनी पोस्टमास्तरांना बाकावर गुडघे टेकून, पाठ आमच्याकडे करून बसायला लावलं, पावलं बाकाबाहेर लोंबती. बॅगेतून छोटा रबरी हातोडा काढला आणि टाचेच्या वर हलकेच मारला. पाऊल हललं, आणि मग परत जागेवर यायला त्यानं आपला सावकाश वेळ घेतला, जसं काही त्यालाही झोप येत होती.

ही नवीन परीक्षा आहे असं समजून विजेच्या खात्यातले शेजारच्या बाकावर गुडघे टेकून तयार झाले. त्यांच्या मागे कापडवाले आजोबा चढू लागले, त्यांना मी धरून उतरवलं.

पोस्टमास्तरांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती. मॅडमनी त्यांच्या मुलाला आणि सुनेला बोलावून समजावलं की थंडी वाजणं, आवाज बसणं, झोप, विसरणं, हे सगळं त्या एकाच कारणानं होऊ शकतं, आणि त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी गोळी आहे. सगळं परत येईल असं वचन देत नाही, पण पुष्कळ येईल.

सून थोडी ओशाळली. म्हणाली, "ते पूर्वी फार वाद घालायचे. हल्ली शांत झाले होते. आम्हाला वाटलं, वयानं समजूतदार झाले."

गोळीचा गुण यायला वेळ लागला. सुरुवातीला काहीच दिसेना आणि अण्णा मला रोज विचारायचे, "तुमची ती एवढीशी गोळी खरी आहे ना?" आपण अडवून ठेवल्यामुळे उशीर झाला की काय, ही धास्ती त्यांना होती, ते मला दिसत होतं. ते बोलत नसत, पण बागेतला वर्ग त्यांनी बंद केला होता, आणि फिरताना पोस्टमास्तरांच्या वेगानं चालायचे. आधी ते पुढे निघून जायचे आणि वळणावर थांबायचे.

मग एका सकाळी अण्णा वैतागून घरी आले. "माझं काही ऐकूनच घेत नाहीत," ते म्हणाले. "निपाणीचा पिनकोड मी सांगितला, तर म्हणतात चूक. सगळ्यांसमोर."

"चूक होता का?" आईनं विचारलं.

"तो प्रश्न नाही," अण्णा म्हणाले. पण त्यांनी त्या दिवशी दुसरी कॉफी मागून घेतली, आणि ती पिताना त्यांचा चेहरा मी खूप दिवसांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. पोस्टमास्तर पावसाळा सुरू झाल्यावर नुसत्या शर्टात फिरायला येऊ लागले. काही गोष्टी त्यांना पूर्वीसारख्या आठवल्या नाहीत, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, पण त्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. ज्या आठवत होत्या त्या वाद घालायला पुरेशा होत्या. सुनेनं एकदा मॅडमना बाजूला घेऊन विचारलं की गोळी स्वल्प कमी करता येईल का. मॅडम म्हणाल्या, रक्त बघून ठरवतात, स्वभाव बघून नाही.

आमच्या कामातही बदल झाला. मॅडमनी एका यादीच्या जागी बऱ्याच याद्या करायला लावल्या, म्हणजे कुणाच्या वाट्याला कोणती येईल ते बाहेरून कळणार नाही. वस्तीत बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेत शब्द शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि ऐकायला एकसारखे वाटणारे शब्द आधी बाजूला काढायचे असा नवीन नियम झाला. बागेतल्या मंडळींना मॅडमनी विनंती केली की पुन्हा या, पण रिकाम्या डोक्यानं या. ते आले. यावेळी निकाल इतर वस्तीसारखेच निघाले. हवा, नाचणी आणि कॉफी तिन्ही निर्दोष ठरल्या.

अण्णा सगळ्यांत शेवटी आले. खिशाला पेन नव्हतं, पुन्हा शब्द उतरवून नेतील असं वाटायला नको म्हणून की काय कोण जाणे. माझ्या सहकाऱ्यानं त्यांना नवीन यादी वाचून दाखवली. मध्ये गप्पा मारायच्या वेळात त्यांना क्रिकेटचं विचारलं, तर ते एका अक्षरात उत्तर देऊन ओठ हलवत बसले. मग आठवले तेवढे शब्द सांगितले, उरलेल्यांसाठी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि शेवटी हात जोडले.

निकाल मला सांगायचा नव्हता, मॅडमनीच सांगितला. "मेष्ट्रे, तुमच्या वयाच्या माणसाचं जसं असायला हवं तसं आहे. अगदी सरासरीइतकं. काळजी करण्यासारखं काही नाही. कान मात्र एकदा दाखवून घ्या."

अण्णा बसून राहिले. बाहेर रांगेत एक बाळ रडत होतं.

"सरासरी म्हणजे कुणाची?" त्यांनी विचारलं.

"इथल्या, तुमच्या वयाच्या लोकांची."

"म्हणजे त्या बागेतल्यांची?"

"त्यांचीही."

"मी त्यांना शिकवलंय," अण्णा म्हणाले. ते उठले, मॅडमना नमस्कार केला, माझ्याकडे यावेळी नीट ओळख दाखवून पाहिलं, आणि पोस्टमास्तर बाहेर वाट पाहत होते त्यांना निकाल न सांगता कॉफीला घेऊन गेले.